शिऱ्याचा पुरावा

या शहरात आजारपणाचा कागद मिळवायला आजारी पडावं लागत नाही, हे कंपनीत जाणाऱ्या कुणालाही विचारा. मामेबहिणीची हळद असो नाहीतर भाच्याचं जावळ, ‘व्हायरल ताप’ लिहिलेला कागद खिशात घालून माणसं गावाकडून टवटवीत होऊन परत येतात. तनुजाची चूक एवढीच झाली, की ती खरोखरच आजारी पडली.

मालाचा ट्रे उचलताना तिच्या कमरेत कळ आली आणि मणक्याची गादी सरकली. औरंगपुऱ्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही, असं सर्टिफिकेट सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. नवऱ्यानं ते कंपनीत नेऊन दिलं. तनुजा कंत्राटावरची, आणि कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. रजा आजारपणाची धरली तर नाव पुढं चालू राहणार, नाहीतर कटणार. त्यात माल तपासायच्या टेबलावरची बसून करायची जागा तिला मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती. आता या कमरेला तेवढंच काम झेपण्यासारखं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मेघा भेटायला आली. मेघा तिच्याच लाईनवरची, रोज मांडीला मांडी लावून जेवणारी. हातात मोसंबी होती, शहाळं होतं. तिला बघून तनुजाला भरून आलं. इतक्या दिवसांत कंपनीतलं दुसरं कुणी फिरकलं नव्हतं.

“ताई, उठू नको हं. मी काय परकी हाय का?” असं म्हणून मेघा पंख्याखालच्या खुर्चीत बसली.

“शिफ्ट करून तशीच आलीस ना? जेवली नसशील.”

“नाय गं, भूक बी नाय.” मेघा म्हणाली खरं, पण ओट्याकडं बघून.

नवरा ड्यूटीवर, सासू कडूबाई सोयगावला. घरात दुसरं कुणी नव्हतं. आलेलं माणूस कोरड्या तोंडानं परत पाठवणं तनुजाच्या रक्तातच नव्हतं. पट्टा आवळून, भिंत धरत ती ओट्याशी गेली. चहा टाकला. चहा टाकलाच आहे तर म्हणून रवाही भाजायला घेतला. मेघा तीनदा ‘उठू नको’ म्हणाली आणि तीनही वेळा बसूनच म्हणाली. वर, “तुझ्या हातचा शिरा म्हणजे लई भारी,” हेही म्हणाली. उरलेला शिरा तनुजानं मेघाच्या पोरीसाठी स्टीलच्या डब्यात भरून दिला.

मेघा गेल्यावर दार लावलं आणि तनुजा तिथंच खाली बसली. उठता येईना. नवरा घरी आला, त्यानं उचलून तिला अंथरुणावर ठेवलं आणि तोंडाला येईल ते बोलला.

“अहो, माझ्यासाठी एवढी वाट वाकडी करून आली होती ती,” तनुजा म्हणत राहिली.

महिनाअखेरीस ती हजर व्हायला गेली. एचआरचे ऋतुराज सर वयानं लहान, बोलायला मऊ. तिनं एमआरआयची पिशवी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“तनुजाताई, कागद तर सगळेच आणतात. म्हणून आम्ही खात्री करून घेतो. तुम्ही चांगल्या उभ्या राहून शिरा करत होता म्हणे.”

तनुजाला आधी हसूच आलं. सरांना शिऱ्याचं कसं कळलं? मग ते हसू जागच्या जागी विरलं. तो शिरा घरात बसून एकाच माणसानं खाल्ला होता.

“सर, ती घरी आली म्हणून उठले मी. पाहुणी होती ना ती.”

“डॉक्टर म्हणतात उठायचं नाही आणि तुम्ही रवा भाजता. वर काय सांगू मी? या वेळी नाव घेता येणार नाही. तुमच्या टेबलावर मेघाताई बसतायत सध्या.”

गेल्या उन्हाळ्यात याच केबिनमध्ये उभं करून सरांनी तिला विचारलं होतं, मेघाताईंना खरंच ताप होता का? मेघा तेव्हा बहिणीच्या वरातीत नाचत होती. “हो सर, खूप ताप होता. मी बघून आले,” तनुजानं देवाशपथ सांगितलं होतं. ती मैत्रिणीसाठी खोटं बोलली होती, आणि मैत्रीण तिच्याबद्दल खरं बोलली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवणाच्या सुट्टीत मेघा गेटपाशी थांबलेल्या तनुजाकडं आली. हातात तो स्टीलचा डबा.

“ताई, मी काय बी खोटं नाय सांगितलं. सर म्हणले, जाऊन बघून या. मी नाय म्हणले असते तर माझंच नाव कटलं असतं.”

“तू गेल्यावर मला उठता येईना, ते सांगितलंस का?”

“ते मी कुठं पाह्यलं?”

मेघानं डबा पुढं केला. तनुजानं झाकण उघडलं. आत साखर होती. डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात. तेवढी रीत मेघानं पाळली होती.

तनुजानं झाकण लावलं आणि डबा पुन्हा तिच्या हातात दिला.

“मेघा, पुढं कुणाच्या घरी अशी जाशील ना, तर कशाला आलीस ते दारातच सांग. माणूस पडून तरी राहील.”