सर चंद्रांची निवृत्ती

बेल वाजवण्याआधी चारुदत्तने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि जमेची बाजू पुन्हा एकदा मनाशी मोजली. या दारामागे राहणाऱ्या चंद्रशेखर काकांना बुधवारी कंपनीचं एक पत्र आलेलं होतं. पत्राच्या तळाशी दोन चौकोन होते. 'या जागेसाठी मी इच्छुक आहे' आणि 'मी इच्छुक नाही'. काकांच्या बॉलपेनची खूण दुसऱ्या चौकोनात पडली, तर चारुदत्तच्या ग्रीन कार्डचा अर्ज पंधरा नोव्हेंबरच्या आत जाणार होता. अर्ज गेला की संपत आलेला व्हिसा वाढणार होता, आणि व्हिसा वाढला की अ‍ॅशबर्नमधलं टाउनहाउस, आरोहीची तिसरी इयत्ता, कांचनने कुंडीत जगवलेला कढीपत्ता, सगळं जागच्या जागी राहणार होतं. पहिल्या चौकोनात पडली, तर पुढच्या वर्षी दोन हजार सातच्या नोव्हेंबरात विमानतळ आणि माणशी दोन बॅगा. एका खुणेच्या मानाने मिळकत बरीच होती. खर्चाच्या बाजूला वाळवलेल्या आंब्याची चार पाकिटं. मनिलाहून आणलेली.

भानगड साधी होती. सहा ऑक्टोबरला कंपनीने नऊ माणसं कमी केली. आता त्याच प्रकारच्या जागेवर परदेशी माणसासाठी अर्ज करायचा, तर कमी केलेल्या अमेरिकन माणसाला आधी विचारावं लागतं, असा नियम. नऊ जणांत चारुदत्तचंच काम करणारा अमेरिकन एकच निघाला: चंद्रशेखर काका, मूळचे नागपूरचे, वय एकसष्ट, बावीस वर्षांपूर्वी शपथ घेतलेले नागरिक. त्या नागरिकत्वाचा कधी असा उपयोग होईल, हे दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

आणखी एक गोष्ट चारुदत्तला ठाऊक होती, जी काकांना नव्हती. वकिलाच्या ऑफिसातल्या बाई फोनवर सहज बोलून गेल्या होत्या, की त्यांनी 'इच्छुक' म्हटलं तरी कंपनी त्यांना परत घेणार नाही, घ्यायचं बंधनच नाही. फक्त तुमची फाइल बंद होईल. म्हणजे काकांच्या 'हो'मधून काकांना काहीच मिळणार नव्हतं. हे नीट समजावून सांगायचं, एवढंच काम. आणि ते शंभर टक्के खरं होतं. इतकं खरं काही सांगायला चारुदत्त बऱ्याच दिवसांत कुणाकडे गेला नव्हता.

दार सरला काकूंनी उघडलं. डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला.

"या, परदेशी पाहुणे! सप्टेंबरात परत आलास म्हणे, आणि तोंड आज दाखवतोयस?"

"काम होतं हो, काकू."

"काम सगळ्यांनाच असतं. यांना तेवढं नाही आता." त्या आत वळून हसल्या. "अहो, चारू आलाय. रिटायर्ड माणसाला भेटायला."

काका सोफ्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून चारुदत्तकडे पाहिलं, आणि ती नजर क्षणभर त्याच्यावरच थांबली. त्याला समजलं. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात दुखणं उलटलं होतं, केमोच्या दोन खेपा झाल्या होत्या, आणि काकांनी घरी येऊन सांगितलं होतं की मी आपणहून निवृत्ती घेतली.

सहा ऑक्टोबरचा निवृत्ती समारंभ चारुदत्तने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिला होता. काकांच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं आणि गाडीपर्यंत सोबतीला सिक्युरिटीचा माणूस. काका वर बघतील असं वाटलं, म्हणून तो बाथरूममध्ये जाऊन उभा राहिला होता.

"बस. कसं होतं मनिला?" काका म्हणाले.

"गर्दी हो, काका. पुणं परवडलं. ऑफिस चार मैलांवर, तर जायला दीड तास. त्यांच्या त्या 'जीपनी' नावाच्या गाड्या असतात, लांबलचक, सगळ्या रंगवलेल्या. एकीवर येशू, मागच्या बाजूला घोडे, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पोरांची नावं. पैसे पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे, तो त्याच्या पुढच्याला देतो, असे ड्रायव्हरपर्यंत पोचतात. सुटे परत येतात तसेच."

"मधे कुणी खात नाही?" काकूंनी विचारलं.

"एक पैसा नाही."

"बघा हो," काकू म्हणाल्या. "शिका काहीतरी."

चारुदत्त रंगात आला. रात्री मॉलबाहेर गाणी म्हणणारी माणसं, गुडघाभर पाण्यातून शांतपणे बूट हातात घेऊन ऑफिसला येणाऱ्या मुली, जुन्या किल्ल्याची काळी भिंत आणि तिच्यावर बसून दाणे खाणारी जोडपी. शहर त्याला आवडलं होतं, हे त्याने कांचनलाही धड सांगितलं नव्हतं. पाच आठवडे तिथे सगळे त्याला 'सर चारू' म्हणत. इथे पाच वर्षांत त्याला कुणी 'सर' म्हटलं नव्हतं.

"आणि काम काय होतं?" काकांनी विचारलं. "टेस्टिंग म्हणाला होतास जाताना."

"हो. टेस्टिंग... आणि थोडं ट्रेनिंग."

काका पेपरची घडी घालत राहिले.

ट्रेनिंग थोडं नव्हतं. विम्याचे दावे तपासणारी कंपनीची जुनी सिस्टीम अकरा जणांना शिकवायची होती, आणि तिच्या खाचाखोचा जगात एकाच माणसाला माहीत होत्या. काकांनी त्या चारुदत्तला तीन वर्षं दर शुक्रवारी जेवणानंतर, काकूंनी दिलेला चिवडा खात शिकवल्या होत्या. मार्च महिन्यात दावे का तुंबतात, एकोणीसशे एकोणनव्वद साली कुणी कोणती चूक केली आणि ती आता का सुधारायची नाही, सगळं. मनिलात चारुदत्तने ते पाच आठवड्यांत उतरवून दिलं. काकांचे विनोदसुद्धा. ते तिथेही चालले. मॅनेजरने जाण्याआधी एवढंच म्हटलं होतं, "हे नीट करून ये, आल्यावर तुझी फाइल वकिलाकडे पाठवतो." दोन्ही वाक्यांमधला संबंध त्याने विचारला नव्हता. मॅनेजरने सांगितला नव्हता.

शेवटच्या रविवारी टीममधली मारिसेल त्याला समुद्रावर घेऊन गेली होती. तिच्या पगारावर दोन भावांचं कॉलेज चाललं होतं. सूर्य बुडत होता, सगळं शहर ते पाहायला कठड्यावर येऊन बसलं होतं, आणि मारिसेलने मध्येच विचारलं, "सर चारू, हे काम तुमच्याकडे आत्ता कोण करतं? त्यांचं काय होणार?" तिने खरंच काळजीने विचारलं होतं. त्याने समुद्राकडे बघत सांगितलं, "एक सीनियर गृहस्थ आहेत. सर चंद्रा. ते रिटायर होतायत."

"ओह, छान!" मारिसेल म्हणाली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची काळजी गेली होती.

"पिशवीत काय आणलंयस?" काकूंनी पिशवी ओढून घेतली. "आंबा? वाळवलेला? अगंबाई, आणि हे काय? पार्सल!"

चारुदत्तचा हात पुढे झाला तोवर उशीर झाला होता. ते पार्सल त्याने कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवलं होतं. निघताना कांचनने दारातच पिशवी हातात दिली होती. 'काकांचं नाव होतं वर, म्हणून घातलं,' असं ती मागून काहीतरी म्हणालीही होती. आता आठवलं.

"'फॉर सर चंद्रा,'" काकूंनी चिठ्ठी वाचली. "सर! अहो, सर, उघडू का?"

त्यांनी कागद न फाडता चिकटपट्टी नखाने सोडवली. आत शिंपल्यांच्या पापुद्र्यांची फोटोफ्रेम होती, दुधी, उजेडात चमकणारी. फ्रेममध्ये अकरा चेहरे, दोन रांगांत, दात दाखवत हसणारे. पुढच्या रांगेतल्या दोघींनी रंगीत पुठ्ठा धरला होता. 'हॅपी रिटायरमेंट, सर चंद्रा! थँक यू फॉर एव्हरीथिंग!'

"बाई गं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "ओळख ना देख, आणि बघा! तुमच्या ऑफिसातल्यांनी एक फूल तरी दिलं का? मी म्हटलंही यांना, चारू, की इतकी वर्षं काम केलं, साधं कार्ड नाही?"

काकांनी फ्रेम हातात घेतली. चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिली. चेहरे पाहिले, पुठ्ठा पाहिला, मग त्यांचा अंगठा फोटोच्या उजव्या कोपऱ्यावर येऊन थांबला. तिथे कॅमेऱ्याने नारिंगी आकड्यांत तारीख उमटवली होती. एक सप्टेंबर.

"छान आहे," ते म्हणाले. फ्रेम त्यांनी बायकोच्या हातात दिली. "टीव्हीवर ठेव. चारू, जरा गॅरेजमध्ये ये. गाडीचा आवाज ऐकवतो तुला, मागच्या चाकातून येतो."

गॅरेजमध्ये गार होतं. काकांनी मधलं दार लावून घेतलं. गाडीचं कुणी नाव काढलं नाही.

"सहा ऑक्टोबरला मला समजलं," काका म्हणाले. "तुझ्या पोरींना एक सप्टेंबरला माहीत होतं."

"काका, नक्की काही नव्हतं. मला खरंच..."

"फोटो कुणी काढला?"

चारुदत्तने गाडीच्या टपावरची धूळ बोटाने पुसली. "मी."

"हं." काकांनी हत्यारांची पेटी उघडली, पान्यांच्या खालून एक पाकीट काढलं. "हे आलं बुधवारी कुरियरने, ती झोपली होती तेव्हा. इथे ठेवलंय, तिला दिसायला नको. हे तुझ्यासाठी चाललंय ना?"

"हो."

"म्हणून आलास."

"हो. काका, ऐका. माझ्यावर राग काढा, काढायलाच पाहिजे. पण या कागदाचं ऐका. तुम्ही हो म्हटलंत तरी ते तुम्हाला घेणार नाहीत. फॉर्मॅलिटी आहे नुसती. वकिलाच्या ऑफिसमधून मला सांगितलंय. तुम्हाला काही मिळणार नाही, फक्त माझी फाइल बंद होईल. आणि पंधरा तारखेनंतर माझा चान्सच नाही. आरोही, कांचन, आम्ही सगळे... खरं सांगतोय, काका."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. शुक्रवारी एखादा दावा तपासताना बघत, तसं. कागद बरोबर आहे, सही बरोबर आहे, पण आणणारा माणूस मागच्या वेळी सापडलेला आहे.

"खरं असेलही," ते म्हणाले. "मला आता कळायला मार्ग नाही ना रे."

"काका, प्लीज. तुम्ही स्वतः फोन करून विचारा त्यांना."

"कुणाला? कंपनीला? ते मला खरं सांगतील?" ते जरासे हसले. "तिच्या अजून चार खेपा आहेत. विमा स्वतः भरायचा तर घराच्या हप्त्याएवढा होतो, आणि हप्ता आहेच. पासष्ट पूर्ण व्हायला मला चार वर्षं लागतील, तोवर सरकारी विमा मिळत नाही. शंभरात एक चान्स असला, तरी मी नाही कसं म्हणू? तू म्हणाला असतास?"

उत्तर एकच होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

काकांनी पत्र गाडीच्या बॉनेटवर सरळ केलं, खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली. खाली सही, तारीख. सहीला त्यांनी वेळ घेतला. मग पाकिटाची कड जिभेने ओली करून ते बंद केलं.

"चल आत. चहा झाला असेल. आणि चेहरा नीट कर, ती बघते."

काकूंनी चहाबरोबर आंब्याचे तुकडे बशीत मांडले होते. एक तुकडा त्यांनी स्वतः तोंडात टाकला, थोडा वेळ चघळला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून रुमालात काढून ठेवला. "गोड आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा गेलास की त्या मुलींना सांग, काकूंनी आशीर्वाद सांगितलेत. नोकऱ्या टिकू देत म्हणावं पोरींच्या."

"सांगतो," चारुदत्त म्हणाला.

पंधरा नोव्हेंबर आला तसा गेला. कंपनीने अर्ज केला नाही, आणि काकांना फोनही केला नाही. 'आपण दाखवलेल्या रुचीबद्दल आभारी आहोत' असं दोन ओळींचं पत्र डिसेंबरात आलं. मनिलातल्या टीमचे अकराचे सोळा झाले आणि मारिसेल त्यांची प्रमुख झाली. मॅनेजरला बढती मिळाली. चारुदत्तला उत्कृष्ट प्रशिक्षणाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्याने दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात बाकी कागदांबरोबर बॅगेत भरलं. आरोही विमानतळापर्यंत रडली, कांचन रडली नाही. ती काहीच बोलली नाही, आणि पुण्याला पोचल्यावरही बरेच महिने बोलली नाही.

काकांनी एका दुकानात उभ्याने करायची नोकरी धरली. तिथे विमा नव्हता, म्हणून त्यांनी जानेवारीपासून घराचा हप्ता थांबवून विम्याचा भरायला सुरुवात केली. बायकोला कळू द्यायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि त्यांच्या मते ते त्यांना छान जमलं होतं.

सरला काकूंच्या राहिलेल्या चारपैकी दोन खेपा झाल्या. मार्चमध्ये त्यांनी डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं की आता पुष्कळ बरं वाटतंय, पुढच्या दोन नकोत. डॉक्टरांनी समजावलं, काकांनी हात जोडले, पण त्या ऐकेनात. बँकेची पत्रं काका घरी यायच्या आधी दुपारी यायची, आणि पेटीतून टपाल काढून आणायचं काम बत्तीस वर्षं काकूंचंच होतं.