पोलादरावाची पट्टी

मित्रांनो, मी 'पोलादराव' या कॉमिकचा सातवा अंक. आता जुना झालोय, पुराच्या पाण्यानं पानं फुगलीत. पण तोंड शाबूत आहे, तेव्हा ऐका.

१९९६ साली शिवाजी पेठेतल्या सयाजी पेंटरनं मला काढलं. माझ्या पोटात सन २०९५चं काजळपूर शहर आहे. तिथं सूर्य दिसत नाही, पाणी कुलपात असतं, आणि तक्रार केलेला माणूस सकाळी घरात सापडत नाही. एकटा पोलादराव कुलपं तोडत हिंडतो.

त्याचं अंग मात्र खरं होतं. सयाजी तालमीतल्या मल्लेश पैलवानाला समोर उभा करून चित्रं काढायचा. कुस्तीत मल्लेशचा उजवा गुडघा कायमचा गेला होता. आई चन्नम्मा त्यावर रोज पट्टी बांधायची.

"पट्टी बी दाव की चित्रात," मल्लेश म्हणाला.

"लंगडा पोलादराव कोण इकत घील?" सयाजी हसला. पट्टी चित्रात आलीच नाही.

मी हातोहात खपलो. पोरं मल्लेशला पोलादराव म्हणू लागली, आणि खरं सांगतो, मी फुशारलो. तो लंगडला की पोरांना वाटायचं, नाटक करतोय. मग तो दात आवळून सरळ चालायला लागला. मी त्याच्या उशाशी असायचो, म्हणून दार लावल्यावरचं कण्हणं मला ठाऊक आहे.

२००५ साली पंचगंगा गल्लीत शिरली. पलीकडच्या माडीवर अडकलेली माणसं हाका मारू लागली, "पोलादराव, ये की रं!"

"बोट येतीया, थांब," चन्नम्मा म्हणाली. "गुडघ्याला झेपायचं न्हाय."

"त्यास्नी काय सांगू, अव्वा? गुडघा दुखतोय म्हणून सांगू?"

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. एका म्हातारीला त्यानं खांद्यावरून आणलं. परत जाताना पाण्याच्या ओढीत गुडघा मुडपला. थोड्या वेळानं बोट आली, माडीवरची सगळी माणसं सुखरूप उतरली. मल्लेश दुसऱ्या दिवशी सापडला.

पाणी ओसरल्यावर सयाजी घरी आला. चन्नम्मानं चिखलातून काढून वाळवलेला मी त्याच्यापुढं ठेवला.

"आतातरी बांध त्येला पट्टी."

सयाजी पांढरा रंग घेऊन बसला. पानापानावरच्या गुडघ्याला तो पट्टी काढत गेला. चन्नम्मा शेजारी बसून बघत होती. मध्येच म्हणाली, "लई आवळू नगंस. सुजतंय त्येचं."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. कागदच तो, फाटायचाच. पण कुणाला पोलादराव म्हणून हाक माराल, तर आधी त्याचा गुडघा बघा.