एका हाताचा ब्रेक

इस्त्रीवाल्याची बायको आजारातून उठली, पण तिचा डावा हात काही उठला नाही. गिऱ्हाइकाच्या दारात कपडे मोजून देतानाच तिला झटका आला होता. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, गेलेलं बोलणं परत आलं, आणि आलं ते पूर्वीइतकंच फटकळ आलं. डावा पाय ओढत का होईना, ती घरात चालायची. हात मात्र ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला.

त्या घरात कामाची वाटणी पहिल्यापासूनची. तो टेबलाशी उभा राहून इस्त्री करणार, ती सायकलला गठ्ठे बांधून घरोघर पोचवणार. त्याला सायकल येतच नव्हती. "आमचे हे टेबलाला बांधलेत," असं ती चारचौघांत म्हणायची आणि तोही हसायचा. कुठल्या घरचं कुत्रं अंगावर येतं आणि कुठल्या घरची सासू, सगळं तिला ठाऊक. संध्याकाळी ती घरी यायची ती अख्खी वस्ती बरोबर घेऊनच, आणि जेवणं होईतो तिचं सांगणं संपायचं नाही. आता ती खिडकीशी बसून, कॉलर हनुवटीखाली दाबून, एका हातानं घड्या घालायची. दिवसच्या दिवस गप्प.

"मला परत बाहेर पडायचंय," एकदा म्हणाली. "इथे बसून मी भिंतीशी बोलायला लागेन हो."

त्यानं ते फार मनाला लावून घेतलं. इस्त्री थंड करून ठेवली आणि सायकलच्या मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्री म्हणाला, "वहिनींचा उजवा हात चालतो ना? उजव्या हाताला पुढचा ब्रेक. तो एकटाच दाबला तर उतारावर गठ्ठ्यासकट तोंडावर येतील. दोन्ही तारा एकदम ओढणारा लिव्हर असतो, पण माझ्याकडे नाही. आणि दादा, पायाचं काय?"

"पाय सुधारेल हळूहळू. तू ब्रेकचं बोल."

तेव्हापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. तारा मिळाल्या, रबराचे गुटके मिळाले, तार आवळून धरणारे बारीक स्क्रूही मिळाले. लिव्हर मिळेना. एक दुकानदार म्हणाला, "एका हातानं चालवतात तर सर्कशीत पाठवा." तो भांडला नाही. नमस्कार करून पुढच्या दुकानात गेला.

शेवटी तो भंगारवाल्या मावशीकडे पोचला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पत्र्यांच्या मागून एक तीनचाकी ओढून काढली. खुर्चीसारखी बैठक, मागे पेटी, आणि छातीसमोर हातानं फिरवायचं पायडल. त्या पायडलच्या मुठीलाच एक लिव्हर होता आणि त्यातून दोन तारा मागच्या दोन चाकांकडे गेल्या होत्या.

"हा घे तुझा लिव्हर," मावशी म्हणाली. "पण मी म्हणते, गाडीच ने की. एका हातानं चालते. पेटीत गठ्ठे मावतील."

त्याला थोबाडीत बसल्यासारखं झालं. "माझी बायको तसली नाही."

"तसली म्हणजे कसली रे?"

त्यानं लिव्हरवर बोट ठेवलं. "तेवढा लिव्हर काढून दे."

"मग बिनब्रेकची गाडी मी कुणाच्या गळ्यात मारू?" मावशी पुटपुटली. पण पाना घेऊन बसली आणि लिव्हर काढून दिला.

मिस्त्रीनं तो बसवला. उजव्या हातानं दाबला की दोन्ही चाकं जागच्या जागी धरत. तिनं सीटला टेकून चारदा दाबून पाहिला आणि कितीतरी दिवसांनी हसली. "बाजूला व्हा, नाहीतर तुमच्याच पायावरून नेईन!"

डावा पाय पायडलवर चढेना. तिनं उजव्या हातानं साडी धरून तो उचलला, ठेवला. घसरला. पुन्हा उचलला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा सायकल आणि ती, दोघी मिळूनच पडल्या. तो धावला. ती मातीत बसून राहिली, कोपराचं रक्त पुसलं नाही.

"ब्रेक चांगला झालाय हो," म्हणाली. मग विचारलं, "मिळाला कुठे?"

त्यानं सांगितलं. खोटं बोलायला त्याला कधी जमलंच नव्हतं.

"अहो, मग ती गाडीच का नाही आणलीत?"

"बघू," तो म्हणाला.

आणि गेला नाही. रोज सकाळी ती विचारायची, "आज जाताय ना?" कधी कपडे फार असायचे, कधी कंबर धरलेली असायची. खरं म्हणजे मावशीला तोंड दाखवायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि त्याहून जास्त, त्या गाडीत बसलेल्या बायकोकडे गल्ली कशी बघेल, ते त्याला सोसत नव्हतं. आठवडा गेला तेव्हा कुठे तो उठला.

मावशी त्याला बघून उभी राहिली. "आता आलास? वाट पाहिली रे तुझी. दोघं-तिघं बघून गेले, बिनब्रेकची म्हणून कुणी हात लावेना. काल लोखंडाचा ट्रक आला. तोडून दिली."

घरी आल्यावर त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं.

घडी घालता घालता ती थांबली. "काल?"

"काल."

"म्हणजे आठवडाभर होती ती तिथे."

"मला तुला तसल्या गाडीत बघवलं नसतं गं."

"आणि इथं बसलेली बघवते?"

तो टेबलाशी जाऊन उभा राहिला. तिनं पुढचा शर्ट ओढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तो गठ्ठे सायकलला बांधून, हँडल धरून, चालत पोचवू लागला. घराघरांतून विचारत, "वहिनी कधी येणार?" तो "बघू" म्हणे. पुढे उताराचा रस्ता लागे आणि भरलेली सायकल त्याला ओढू लागे. मग तो एका हातानं लिव्हर दाबी, आणि दोन्ही चाकं जागच्या जागी थांबत.