काचेला पडदा

मित्रांनो, मी कपडे धुण्याची मशीन आहे. वय झाले आहे आणि धुण्याचे टप्पे बदलणारी माझी चकती अडकते. पूर्वी ती भिजवण्यापासून पिळण्यापर्यंत आपली आपण फिरायची. आता मध्येच थांबते, मागे जाते, पुन्हा सुरू होते. माझी गोष्टही तशीच येईल. सांभाळून घ्या.

भिजवणे

जन्म कारखान्यातला, पण मला खरी जाग आली ती ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात, १९५८च्या उन्हाळ्यात. पांढराशुभ्र रंग, पोटाला गोल काच. एका बाजूला कुरकुरणारा फ्रिज, दुसऱ्या बाजूला बटाटे सोलणारे यंत्र. सगळी गर्दी त्या बटाटेवाल्याभोवती. मला फार राग यायचा.

मला चालवून दाखवायला गोदेलीव्ह होती. विटांच्या भट्ट्यांच्या बूम गावची, विशीतली मुलगी. दिवसभर ती माझ्यात त्याच चार चादरी घालायची, आणि त्या आधीच स्वच्छ असायच्या. लोकांना मळके काही दाखवायचे नाही, असा आमच्या साहेबांचा नियम होता. धुणे म्हणजे हेच, असे मला वाटायचे. स्वच्छ आत जाते, स्वच्छ बाहेर येते, आणि माणसे टाळ्या वाजवतात.

धुणे

गोदेलीव्हला अँटवर्पला जाऊन नर्स व्हायचे होते. आड येत होता तो सोमवार, धुण्याचा वार. वडील फोन्स आणि तिघे भाऊ विटांच्या कामावर; चौघांचे कपडे लाल मातीने माखलेले. आई लिओन्टीन एकटीने तो ढीग उपसू शकत नव्हती. तिने लेकीला बजावले होते, की तुझ्या त्या मशिनीने बापाची विजार साफ केली तर घेऊ एक, मग जा खुशाल. नाही तर मुकाट्याने घरी राहायचे.

एका रविवारी लिओन्टीन प्रदर्शनात आली. डोक्याला चर्चची टोपी, हातात पिशवी. पिशवीत लोणी लावलेला पाव आणि पावाखाली गुंडाळलेली फोन्सची विजार. साहेब कॉफीला गेलेले पाहून गोदेलीव्हने ती चटकन आत टाकली. मी घाबरले. माझ्या आयुष्यातला हा पहिला मळ. पाणी भरले, विजार गरगरू लागली, आणि मी लाल रंगाची वाट पाहू लागले.

पाणी स्वच्छच राहिले.

गोदेलीव्ह वाकून काचेतून पाहत राहिली. मग तिने आईचे हात पाहिले. पेरे फुटलेली होती, अगदी ताजी.

"आई, तू ही धुऊन आणलीस?"

"मग काय? अख्ख्या जगासमोर तुझ्या बापाची घाण काढू?"

"अगं, मग ही परीक्षा कसली?"

लिओन्टीनने ओली विजार बाहेर काढली, उजेडात धरली, शिवणीवरून नख फिरवले. "साफ आहे. पास झाली तुझी मशीन. जा तू अँटवर्पला."

चकती अडकते ती इथेच. साफ आहे. पास झाली. साफ आहे. पास झाली. तिने ती लाजेपोटी धुतली होती, की लेकीला जाता यावे म्हणून? मी पुष्कळ घुसळून पाहिले. उत्तर सुटत नाही.

विसळणे

प्रदर्शन संपले, मांडलेल्या वस्तू विकायला निघाल्या आणि फोन्सने मला घरी आणले. शेजारपाजारचे बघायला आले, कॉफी झाली, कौतुक झाले. गोदेलीव्ह अँटवर्पला गेली.

मग सुरू झाली माझी उपेक्षा. लिओन्टीन प्रत्येक कपडा आधी परसात हाताने घासायची आणि मगच माझ्यात टाकायची. मशीन मळेल, म्हणायची. तिचा सोमवार होता तेवढाच लांब राहिला, उलट वाढला. आईने मशीन नाही, कपाट घेतलंय, असे मुलगे चिडवायचे. मीही मनातून तेच म्हणायचे.

पिळणे

हिवाळ्यात गोदेलीव्ह रजेवर आली. तिने आईचे हात टेबलावर ठेवून घेतले, मलम लावले, पट्ट्या बांधल्या. आता तिच्या आवाजात दवाखाना आला होता.

"या पाण्यात घालायच्या नाहीत."

"आणि धुणं काय तू करणार?"

"हो. पट्ट्या भिजलेल्या दिसल्या, तर शिक्षण सोडून घरी येते. मग सोमवार माझा."



पुढच्या सोमवारी लिओन्टीन मातीने लाल झालेली विजार घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. बराच वेळ. उघड्या मागच्या दारातून परसापलीकडे शेजारीण इर्मा कपडे वाळत घालताना दिसत होती. लिओन्टीन माडीवर गेली, रस्त्याकडच्या खिडकीच्या पडद्याचा उरलेला जाळीकाठाचा तुकडा घेऊन आली आणि दोऱ्याने माझ्या काचेवर टांगला. मग विजार आत टाकली. तशीच, मळकी.

मित्रांनो, माझे पाणी लाल झाले. टाळी एकही वाजली नाही.

इर्मा कुंपणावरून म्हणाली, "मशिनीला पडदा? आत कोणी अंघोळ करतंय का?"

"आत माझ्या नवऱ्याचे कपडे आहेत. तुला कशाला बघायचेत?"

इर्मा गेल्यावर लिओन्टीनने एका बोटाने पडद्याचा कोपरा उचलला आणि आत पाहिले. मग खुर्ची ओढली. सोमवारी सकाळी, पट्ट्या बांधलेले कोरडे हात मांडीवर ठेवून, ती बसली.

थांबले

आता मी गोदेलीव्हच्या परसातल्या खोलीत असते. पांढरा रंग पिवळा पडला, मोटर गेली. लिओन्टीनही गेली. गोदेलीव्ह जन्मभर नर्स होती. आता तीही म्हातारी झाली आहे. अधूनमधून ती माझा पडदा धुते, इस्त्री करते आणि परत टांगते.

मला पुसा, मला जपा, असे मी तुम्हाला म्हणणार नाही. मी खूप पुसली गेले आहे. तुमच्या घरीही मशीन असेल. तिच्यात टाकण्याआधी कोणी गुपचूप हाताने घासत बसते का, तेवढे पाहा. त्या माणसाचे हात पाहा.

आणि त्याला एक खुर्ची आणून द्या.