यीशानचा स्फटिक

"बोट घालू नका वहिनी! बाहेर काढलं की तासाभरात पांढरं पडतं ते."

सू वहिनींनी बोट मागे घेतलं. काचेच्या पेल्यात, तळाशी, त्यांच्या लेकाने वाढवलेला स्फटिक बसला होता. टरबुजाच्या बीएवढा.

"एवढंसं? ह्याच्यापायी सणालासुद्धा घरी यायचा नाही?"

"आमच्या फूचौच्या प्रयोगशाळेत पोरांनी ह्याहून बारक्यावर लग्नं मोडलीत, वहिनी," मी म्हणालो.

गेल्या महिन्यातल्या वादळात यीशानच्या स्कूटरवर झाड पडलं आणि तो गेला. आज वहिनी त्याचं सामान न्यायला गावाहून आल्या होत्या. चादर, दोन शर्ट, चहाचा डबा. सगळं पिशवीत भरून झालं, तरी त्या हलेनात.

"फोनवर म्हणाला होता, आई, ह्या वेळचा पेटणार. पेटतो का ते मला बघायचंय, पानभाऊ."

माझं काम लेझरचं. डोळ्याला न दिसणारा किरण स्फटिकाच्या भुकटीवर सोडायचा. माल चांगला असला तर हिरवा उजेड होऊन बाहेर येतो. यीशानने जस्ताचे अणू आम्लाच्या रेणूंनी बांधून साखळ्या केल्या होत्या. सगळ्या एकाच अंगाला कलल्या तर उजेड. समोरासमोर तोंडं करून बसल्या की एकमेकींचं पुसून टाकतात. ह्या समोरासमोरच बसल्या होत्या. त्याच पेल्यातला एक बारका खडा मी सकाळी तपासला होता. मिट्ट काळोख.

ते सांगायला जीभ रेटेना. आणि खिशात खडीसाखरेची भुकटी होती. ती नेहमीच असते. साखरही ह्या लेझरखाली हिरवी पेटते, आणि तेवढ्या भांडवलावर मी इथल्या अर्ध्या पीएचडीवाल्यांना नाचवलंय.

"कुटावा लागेल," मी म्हणालो.

"मग मीच कुटते. मासळी कुटून, तिचे गोळे विकून शिकवलंय मी त्याला."

खल इवलासा, हात मासळी कुटणारा. पण बत्ता असा हळू फिरवला की आवाजही आला नाही. त्या काळा चष्मा चढवत होत्या तेवढ्यात मी त्यांच्या भुकटीची काच बदलून खिशातल्या साखरेची ठेवली.

हिरवा ठिपका! कोवळ्या देठासारखा.

"पेटलं! बघा तुमच्या लेकाचं काम!" मी ओरडलो. जरा जास्तच.

वहिनी फिसकन हसल्या.

"खडीसाखर ना ही?"

"छे हो!"

"त्याच्या काचेवरही ठेवली होतीत. तो टेबलावर चढून नाचला, आणि तुम्ही त्याच्यादेखत भुकटी चाटलीत. फोनवर सांगताना हसून हसून ठसका लागला मेल्याला."

शब्द तोंडातून गेला आणि त्या थांबल्या. मी लेझरची बटणं बघत बसलो.

"आता त्याचं ठेवा," त्या म्हणाल्या.

ठेवलं. काहीच नाही. वहिनी चष्मा न काढता त्या काळोखाकडे बघत राहिल्या, जणू उशीर झाला असेल, येईल अजून.

"नाहीच का?"

"नाही हो, वहिनी."

"त्याला कळलं होतं?"

"नाही. तपासायचा राहिला होता त्याचा."

"बरं झालं." त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे. त्याचं ते द्या. साखर तुमची तुम्हाला."

लेन्स पुसायच्या कागदात मी पुडी बांधून दिली. वहिनींनी पिशवीतून घडीचा शर्ट काढला, पुडी त्याच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं.