नाव घेतलं की फोन लागतो

दीपमालानं लग्नाला जायची साडी नेसली, तरी तिचा पाय घरातून निघत नव्हता. सासऱ्यांना हल्ली विसर पडायला लागला होता. मागच्या आठवड्यात त्यांनी दूधवाल्याला पाव्हणा समजून पाटावर बसवलं आणि गूळ-पाणी दिलं. तेव्हापासून तिच्या नवऱ्यानं, माऊलीनं, एकच टुमणं धरलं होतं, की अण्णांना सांभाळायला दिवसभराची बाई ठेवू.

"बाई कशाला?" सासूबाई, आनंदीबाई, म्हणाल्या. "मी काय पुरुष हाय? जा दोघं. सासवडचं जेवण जेवून या."

ती दोघं गेली. आनंदीबाईंनी भाकरी थापल्या, मिरच्या भाजून ठेचा रगडला आणि हाक मारली, "अहो, या जेवायला."

ओ आली नाही. बाहेरच्या खोलीत टीव्ही एकटाच बडबडत होता. दार सताड उघडं होतं आणि कोपऱ्यातली काठी जागेवर नव्हती.

आनंदीबाई गॅलरीत धावल्या. खाली फाटकाशी पाण्याचा टँकर लागला होता आणि वॉचमन शंभू त्याच्या नळीशी झटापट करत होता. आजोबा दिसले नाहीत म्हणाला. कसे दिसतील, तुझे डोळे टँकरात, असं त्यांनी वरूनच त्याला सुनावलं. पण लगेच त्यांना आठवलं. सकाळी चहा पिताना मालक दोनदा म्हणाले होते, गाडी भरली का, मार्केट यार्डात लवकर पोचाया पाहिजे. ज्या गाडीतून मेथी-कोथिंबीर गुलटेकडीच्या यार्डात जायची, ती गाडी मोडून जमाना झाला. धायरीत आता मेथी पिशवीतून येते, जुडीला रबर लावून. पण मालकांच्या डोक्यातली गाडी अजून जुंपलेलीच होती. आणि सिंहगड रस्त्यावरच्या बसगाड्यांना काय माहीत, हा म्हातारा अजून बैल हाकतोय ते.

फोन होता. तसा दोघांकडेही होता. नात शेफाली हडपसरला कंप्युटरच्या कंपनीत कामाला. तिनंच दोन्ही आणले. आजोबांचा त्यांच्या गळ्यात अडकवला, वाजला की आपोआप उचलला जाईल असा करून. आजीच्या फोनची निराळीच तऱ्हा. आनंदीबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली, अक्षरांशी ओळख तोंडदेखली. म्हणून शेफालीनं सांगितलं, वाचायचंच नाही. हे बटण दाबायचं, ज्याला फोन हवा त्याचं नुसतं नाव घ्यायचं, की लागला. आनंदीबाईंनी "माऊली" म्हणून पाहिलं, लागला. "दीपमाला" म्हटलं, लागला. मग शेफाली म्हणाली, आता आजोबांना लाव.

"कळलं गं," आनंदीबाई म्हणाल्या. "तुझ्या आईला पोळी लाटायला मी शिकवली. मला बटण काय शिकवतेस?"

आणि विषय तिथंच मिटला. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, हे त्या पोरीला माहीत नव्हतं. आणि आपल्याला ते घेता येत नाही, हे सांगायला आनंदीबाईंची मान खाली जात होती.

आता त्यांनी बटण दाबून माऊलीला हाक दिली. फोन वाजत राहिला. लग्नात वाजंत्री लागली की कानाशी तोफ उडाली तरी कळत नाही. दीपमालाचंही तेच. शेफालीनं फोन कापला आणि काहीतरी लिहून पाठवलं. ते वाचणार कोण?

राहिला एकच नंबर.

"अहो," त्या फोनला म्हणाल्या. फोनमधली बाई म्हणाली, समजलं नाही, पुन्हा सांगा. "शेफालीचे आजोबा," त्यांनी सांगितलं. समजलं नाही. "आमचे मालक. धायरीचे. पांढरी टोपी." बाई मठ्ठच होती. पण आनंदीबाईंना जन्मभर असंच तर जमलं होतं. रेशनच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं की मागच्या बाईला कोपर मारायचं; ती सांगायची. दवाखान्यात नर्सला सांगायला माऊली असायचा. आज कोपर मारायला मागं कुणी नव्हतं.

मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा साफ केला आणि लग्नात नणंदांनी उंबऱ्यात अडवल्यावर घेतला होता तोच उखाणा फोनपुढं घेतला.

"विहिरीवर मोट, मोटंला नाडा, गेनबारावांचं नाव घेते, आता वाट सोडा."

विहिरींची माहिती हवी आहे का, असं फोननं विचारलं.

आनंदीबाईंनी डोळे मिटले. "गेनबा," त्या म्हणाल्या. नुसतंच. ना पुढं राव, ना मागं मोट.

"गेनबा यांना फोन लावत आहे," बाई म्हणाली. ही बया मात्र दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव कशी खुशाल घेत होती.

फोन लागला. पलीकडं कुठंतरी टपटप पाणी पडत होतं.

"अहो, कुठं हाय तुम्ही?"

"कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण? कुणाला पायजे तुम्हाला, बाई?"

जिच्या "अहो"ला ते पन्नास वर्षं ओ देत आले, तिलाच ते बाई म्हणत होते. आनंदीबाईंनी फोन तोंडाशी आणखी जवळ धरला. आता हाही कापला तर?

"गेनबा," त्या म्हणाल्या. "ए गेनबा, कुठं हायस रं?"



"मळ्यात हाय," पलीकडून आवाज आला. बारीक, पोरासारखा. "विहिरीवर. भाकर आली न्हाई अजून."

आनंदीबाईंच्या लक्षात आलं. मळा गेला कुठं होता? मळ्यावरच तर ही बिल्डिंग उभी होती. विहीर बुजवली, तिथं गाड्या लावतात आता. पाण्याचा पंपही तिथंच बसवलाय.

त्यांनी भाकरी फडक्यात बांधल्या, वर ठेचा ठेवला, कांदा घेतला आणि लिफ्टनं मळ्यात उतरल्या.

पार्किंगच्या टोकाला, पंपाच्या कट्ट्यावर गेनबा बसले होते. काठी मांडीवर, टोपी गुडघ्यावर.

"उशीर केलास," ते म्हणाले.

"पाटाला पाणी लई होतं. वळसा घालून आले."

ते त्यांना पटलं. आनंदीबाई पदर खोचून फरशीवर बसल्या आणि फडकं सोडलं. तेवढ्यात माऊलीचा फोन आला. घाबराच होता. काय झालं, म्हणून विचारायला लागला. काही नाही, तुझे अण्णा जेवायला बसलेत, त्या म्हणाल्या. मग जरा थांबून आवाज खाली घेत म्हणाल्या, "येताना दाराला एक कडी आण. उंच लावायची. आणि ती बाई म्हणत होतास ना, ती बघ. पण भाकरी मी करणार."

गेनबांनी भाकरी मोडली. घास हातातच राहिला.

"मघाशी कुणी बाई माझं नाव घेऊन हाका मारत होती."

"असंल कुणी."

"आवाज ब्येस होता. पुन्हा मारंल का?"

आनंदीबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. आजूबाजूला नुसत्या गाड्या उभ्या होत्या.

"आधी घास घ्या," त्या म्हणाल्या. "मग मारंल."