बजरंगची जोड

सोपान टाकव्याचा जुना पैलवान. कान मोडलेले, मान रेड्यासारखी आणि स्वभाव असा हट्टी, की एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं त्याला पाठ टेकण्याइतकं लाजिरवाणं वाटे. त्या हट्टापायीच पुढचं सगळं घडलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्याचा एकुलता एक मुलगा बजरंग तळेगावला मामाकडे राहून कारखान्यात लागला होता. पानशेत फुटलं त्या साली पोराचं डोकं फिरलं. भिंतीतून माणसं बोलतात म्हणायचा, जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताट भिरकावायचा. मामाने त्याला परस्पर पुण्याच्या इस्पितळात नेऊन ठेवलं. गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पारावर गावातल्या केरबाने सहज विचारलं, पोरगं बरेच दिवस दिसलं नाही, तेव्हा सोपानच्या तोंडून निघून गेलं, "कोल्हापूरला तालमीत ठिवलाय." वेड्याचा बाप म्हणवून घ्यायची त्याची छाती झाली नाही.

वर्षाने बजरंग कान्ह्याच्या स्टेशनवर उतरला, तो बापालाही चटकन ओळखू आला नाही. गेला तेव्हा नुसती हाडं होती. आता गाल वर आलेले, मांडीला मांडी घासत होती. डॉक्टरांनी मामाकरवी कळवलंच होतं, की या गोळ्यांनी भिंतीतली माणसं गप्प बसतील, पण भूक वाढेल, अंग सुटेल. काही झालं तरी गोळी चुकवायची नाही. गावाला याची काय कल्पना! केरबाने पोराच्या पाठीवर थाप मारली आणि कोल्हापूरचं पाणी चांगलंच मानवलं म्हणाला. सोपानची थाप अशी मापात बसली, की शिंप्यालाही जमलं नसतं.

घरात मात्र रडकथा होती. बजरंगला भूक म्हणजे काय, आगच लागलेली असे. भाकऱ्या खाऊन उठायचा आणि हात धुवायच्या आधीच पुन्हा टोपल्याकडे बघायचा. त्याच्या आईने, अंबूबाईने, एकदा टोपलं उतरंडीमागे लपवलं आणि तिथंच बसून रडली. आजारी लेकरापासून भाकर लपवायची, ही पाळी वैऱ्याच्या आईवरही येऊ नये. पोरालाही कळत होतंच. पोटावर सदरा ओढत तो ओट्यावर बसून राहायचा. एकदा म्हणाला, "आबा, ह्ये अंग माजं न्हाई. मला दुसऱ्याच्या अंगात घातलंय कुनीतरी." हा आजार बोलतोय की पोरगा खरं तेच सांगतोय, हे सोपानला कळेना. त्याने नुसता डोक्यावर हात फिरवला.

चैतात गावची जत्रा आली. इकडे जत्रेतल्या कुस्त्या आधी ठरत नाहीत. पंच आखाड्यातच दोघांना शेजारी उभं करतात, अंगाला अंग जुळलं की जोड लागली. नाव पुकारल्यावर कुणी मागे सरला, तर गावाची मान खाली. यंदा पंच होता केरबा. अंबूबाईने सकाळपासून नवऱ्याच्या मागे धोशा लावला होता, पाय मुरगळलाय म्हणून सांगा. सोपानने सांगायचं ठरवलंही होतं.

पण केरबाने बजरंगचा हात उंच धरून त्याला आखाड्याभोवती फिरवलं, हलगी कडाडली, सोपान पैलवानाचा लेक म्हणून फेटे उडाले, आणि या शहाण्या माणसाची अक्कल गहाण पडली. त्याला वाटलं, अंग तर आलंय, रक्त आपलंच आहे. कुणी सांगावं, लाल माती लागली की पोराचं डोकंही ताळ्यावर येईल. वेडी का होईना, आशा होती. तिच्यासाठी त्याला किती शिव्या द्याव्यात?

जोड लागली पवन मावळातल्या श्रीपतीशी. तो खरोखरच तालमीत घाम गाळलेला गडी. बजरंग लंगोटावर उभा राहिला तेव्हा पोट सुटलेलं, हातांना कंप, पाय जड. गोळ्यांनी माणूस आखडतो, हेही सोपानला माहीत होतं. श्रीपतीने शड्डू ठोकला, पुढे झेप घेऊन मनगट पकडलं आणि मानेवर हात टाकला.

बजरंगने चारी बाजूंना पाहिलं. सगळीकडे ओरडणारी माणसं. मग त्याने अंग सैल सोडलं आणि आपण होऊन मातीत उताणा पडला. "धरू नगा," तो म्हणाला. "म्या गप पडतो. बांधू नगा." त्याने डावा हात लांब केला, मूठ आवळली आणि सुई टोचून घेताना माणूस फिरवतो तशी मान पलीकडे फिरवली.

आखाड्यात हशा पिकला. श्रीपती बिचारा कावराबावरा होऊन बाजूला झाला. केरबाने हसतच विचारलं, "सोपाना, कंच्या तालमीतला डाव रं ह्यो?"

सोपान वर्षभर इस्पितळाच्या फाटकाशी शिदोरी देऊन मागे फिरत आला होता. आत जायचा त्याला धीर नव्हता. ते सगळं वर्ष आता त्या लांब केलेल्या हातात त्याच्यासमोर पडलं होतं. तो आखाड्यात उतरला.

"तालमीत नव्हता ह्यो," तो म्हणाला. "येड्याच्या इस्पितळात हुता. म्या खोटं बोललो."

हलगी थांबली. लोक हसत होते तेच बरं होतं. आता पुढची माणसं मागे सरली, बायाबापड्यांनी पोरं जवळ ओढली. केरबाने मघाशी ज्या हाताने बजरंगचा हात उंच धरला होता, तो आपला हात धोतराला पुसला.

सोपान मुलाशेजारी बसला आणि त्याचा लांब केलेला हात जवळ घेऊ लागला. हात वाकेना.

"सुई झाली?" बजरंगने मान न वळवता विचारलं.

"झाली, बाळा."

"मंग आता भाकर मिळंल का, सायेब?"

सोपानने त्याची मूठ हळूहळू सोडवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसला. मी साहेब नव्हे, बाप आहे, हे पोराला सांगायला त्याचं तोंड उघडलं नाही.